गाणं कमी लावा, पण नाव सांगा

प्रति,
कार्यक्रम समिती,
आपल्या गावचं सामुदायिक रेडिओ केंद्र

विषय : शनिवारची संध्याकाळची संगीत सभा अर्ध्या तासावर आणण्याबाबत.
संदर्भ : केंद्राच्या दारावर डकवलेली सूचना.

मंडळी, नमस्कार.

विषय आणि संदर्भ लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. सरकारी कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली, त्याचा हा गुण. आता मुद्द्यावर येते.

गेल्या आठवड्यात दळण घेऊन येताना तुमच्या दारावरची सूचना वाचली. पुढच्या महिन्यापासून शनिवारचा दोन तासांचा शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम अर्ध्या तासाचा होणार. व्याख्यान बंद, निवेदन ‘किमान’ आणि त्या जागी ‘अखंड संगीत’. खाली कारणही दिलं होतं : श्रोत्यांना बोलणं कमी आणि गाणं जास्त हवं आहे. डबा कमरेवर धरून मी ती सूचना दोनदा वाचली. त्या श्रोत्यांमध्ये मला कुणी धरलं नव्हतं, ते एक वेळ सोडून देते. पण तुमची कात्री नेमकी उलट्या बाजूने चालली आहे. हे तुमच्या कानात सांगून भागणार नाही, चारचौघांत बोलायला हवं, म्हणून पत्र खुलं ठेवलं आहे.

वेळ कमी करायचीच असेल तर गाणं कमी करा. बोलणं ठेवा.

मला माहीत आहे, हे ऐकून तुमच्यातला तो हेडफोनवाला मुलगा हसेल. शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमात गाणं कमी? पण बाळा, गाणं आता कुठे मिळत नाही? माझ्या भाच्याने मला फोन दिला आहे. त्यात नुसतं एका रागाचं नाव, ‘यमन’, म्हटलं तर जन्मभर पुरेल इतका यमन समोर येतो. एक संपला की दुसरा आपोआप सुरू. मध्येच बिस्किटाची जाहिरात. गाणाऱ्याचं नाव असतं, फोटोही असतो. तबल्यावर कोण आहे, पेटी की सारंगी, गाणं कुठल्या गावात झालं, कुठल्या साली, समोर किती माणसं होती, यातलं काही नाही. गाण्याचा सुकाळ आहे. ते कुणाचं, कधीचं, कुणाबरोबरचं, हे सांगणाऱ्या माणसाचा दुष्काळ आहे. तो माणूस तुमच्याकडे होता आणि तुम्ही त्यालाच ‘किमान’ करायला निघालात.

माझा या बाबतीत स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकते. माझे वडील तबला वाजवायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पोटापाण्याला घड्याळदुरुस्ती आणि संध्याकाळी साथ. पंचक्रोशीत कुणी गवई आला की अण्णांना निरोप यायचा. रेडिओची ऑडिशन होऊन त्यांना ‘बी हाय’ श्रेणी मिळाली तेव्हा आमच्या आळीत पेढे वाटले होते. ‘बी हाय’ म्हणजे काय हे आळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. सरकारने अण्णांना मान्य केलं, एवढं मात्र सगळ्यांना कळलं होतं.

मी अकरा वर्षांची असताना त्यांचं पहिलं थेट प्रसारण झालं. अण्णा सकाळच्या एसटीने गेले, तबला मांडीवर घेऊन. रात्री आम्ही शेजारच्या काकांकडे जमलो, कारण आमच्या रेडिओचा सेल गेला होता. गायकाचं नाव आधी आलं, मग रागाचं, मग तालाचं. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभी होती. आणि मग तो स्वच्छ, कोरडा आवाज म्हणाला, तबल्यावर साथ करत आहेत… आणि पुढे अण्णांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आई पुढे आली, तिने रेडिओचा आवाज थोडा कमी केला आणि म्हणाली, ‘झालं, एवढंच ऐकायचं होतं.’ काका तिच्यावर खेकसले. आवाज परत मोठा झाला, तोवर विलंबित एकतालाची दोन आवर्तनं होऊन गेली होती.

आईला तबल्यातलं काही कळत नव्हतं असं नाही. उशिरापर्यंत रियाज चालायचा, तो तिच्याच डोक्याशी. पण मैफलीच्या हँडबिलावर साथीदाराचं नाव सगळ्यात खाली, बारीक टायपात आणि बरेचदा नसायचंच. रेडिओच्या निवेदनात मात्र साथीदाराला त्याची एक ओळ मिळायची. तिला पूर्ण वाक्य असायचं, क्रियापद असायचं. कार्यक्रम संपताना ती पुन्हा यायची. उद्घोषक हे शिस्त म्हणून करत असतील, पण घराघरांत त्या ओळीची किंमत काय होती हे मी बघितलं आहे.

आता तुमच्या कपाटाकडे वळते. संगीत मंडळाच्या जुन्या ट्रंकेतल्या कॅसेट तुम्ही उतरवून घेतल्या, बुरशी पुसून, फिती सरळ करून, प्रसंगी पेन्सिलीने गुंडाळून. हे फार मोठं काम झालं आणि ते तुम्ही पोरांनी फुकट केलं. त्याबद्दल तुमचं कौतुक कुणी केलं नसेल तर मी करते. आपल्या केंद्राचा ट्रान्समीटर शंभर वॅटचा, आवाज जेमतेम पुढच्या दोन-चार गावांपर्यंत जातो. पण त्या टापूत गेल्या चाळीस वर्षांत झालेलं गाणं जगात दुसऱ्या कुणाकडे नाही, फक्त तुमच्याकडे आहे. मोठ्या कलाकारांच्या तबकड्या लावायला परवानग्या आणि पैसे लागतात, म्हणून तुम्ही या कॅसेटकडे वळलात हे मला माहीत आहे. अडचणीतून झालं, पण चांगलं झालं.

आणि मग तुम्ही त्या फायलींना नावं काय दिलीत? ‘सभा ०१’, ‘सभा ०२’, ‘पुरुष गायन नवे’. मागच्या दिवाळीत मी स्वतः तुमच्या संगणकावर बघितलं. कॅसेटच्या कव्हरवर बॉलपेनने काहीबाही लिहिलेलं होतं, ती कव्हरं पावसाळ्यात एकमेकांना चिकटली म्हणून टाकून दिली, असं मला सांगण्यात आलं. मी त्या दिवशी काही बोलले नाही. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही.

या कॅसेटमध्ये एक पेटीवाले आहेत. पाच-सहा सभांमध्ये तरी असतील. माझा कान त्यांची पेटी ओळखतो, कारण ते आमच्या ओसरीवर अण्णांबरोबर बसायचे. रेडिओवर पेटीला १९४० साली बंदी आली होती. तिचे सूर ठोकळेबाज, तिच्यातून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधल्या बारीक जागा) धरता येत नाहीत, असा आक्षेप. तो घेणारे बडे बडे लोक होते. बंदी सैल व्हायला सत्तरचं दशक उजाडलं. तोवर या गृहस्थांची उमेद निघून गेली होती. अण्णा रेडिओवर जायचे आणि हे त्यांना एसटी स्टँडपर्यंत सोडायला यायचे. म्हणजे ज्या माणसाचं नाव रेडिओने तरुणपणी एकदाही घेतलं नाही, त्याची पेटी आज तुमच्या रेडिओवर वाजते. आणि आता तुम्हीही त्याचं नाव घेत नाही. वाजवू दिलंत, पण बिननावाचं.

आता व्याख्यानाचं बघू. तुमच्या सूचनेत ‘कंटाळवाणी भाषणे’ असा शब्द नाही, पण तो तुमच्या मनात आहे हे मला कळतं, आणि थोडं खरंही आहे. गेल्या वर्षी एका गृहस्थांनी ‘संस्कृती’ या विषयावर पंचवीस मिनिटं वाचून दाखवलं. संस्कृती म्हणजे काय हे त्यांनी सांगितलंच नाही, ती कशी ऱ्हास पावत आहे तेवढं सांगितलं. मी मधे कुकर लावून आले. परत आले तेव्हाही ऱ्हास चालूच होता. असं भाषण बंद करा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. रेडिओवरचं भाषण दहा मिनिटांचं असावं, लिहून आणलेलं असावं आणि माणसाने ते आधी घड्याळ लावून एकदा घरी मोठ्याने वाचलेलं असावं.

पण त्याच वर्षी मिरजेहून एक तानपुरे बनवणारे कारागीर आले होते, आठवतं? बोलायला घाबरत होते. लिहून काहीच आणलं नव्हतं, पिशवीत एक भोपळ्याचा तुकडा आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तेवढी आणली होती. ते म्हणाले, भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा घ्यावा लागतो, जाड सालीचा आणि कडू. खायच्या भोपळ्याचा तानपुरा होत नाही. मग त्यांनी जवारी समजावली. तार घोडीवर टेकते तिथे खाली सुताचा दोरा सरकवायचा, तो दोरा केसभर पुढेमागे केला की बंद आवाज उघडतो आणि एका तारेतून अनेक सूर बोलायला लागतात. त्यांनी तिथल्या तिथे, माइकसमोर, दोरा नसलेली तार छेडली आणि मग दोरा सरकवून छेडली. आमच्या घरात तेव्हा माझी सून भाजी निवडत होती. तिला गाण्यात काडीचा रस नाही. ती म्हणाली, ‘अय्या, हे तर भुंग्यासारखं झालं.’

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी पेपरात येऊन गेली आणि आम्ही वाचून विसरलो. थोर गवई खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले, तिथेच त्यांची कबर आहे, हेही आम्ही शाळेपासून ऐकत आलो. पण मिरजेचा तानपुरा म्हणजे काय, हे त्या दहा मिनिटांत कानाला कळलं.

त्यानंतर लगेच तुम्ही मारवा राग लावला होता. मुद्दाम लावला की चुकून, ते मला अजून कोडं आहे. कारण जायच्या आधी त्या कारागिरांनी एक गोष्ट सांगितली होती : मारव्यात पंचम, म्हणजे ‘प’, नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादावर (‘नी’) किंवा धैवतावर (‘ध’) लावतात. एवढं ऐकल्यावर माणूस मारवा कसा ऐकतो? आधी तानपुरा ऐकतो. नेहमीचा आधार तिथे नाही हे त्याला कळतं. कोमल रिषभ (‘रे’) आणि शुद्ध धैवत यांच्यामध्ये गायक घिरट्या घालतो, षड्जाच्या (‘सा’च्या) दारापर्यंत येतो आणि आत न शिरता परत फिरतो. दिवेलागणीला बाहेर गेलेलं माणूस अजून घरी आलेलं नसताना जीव जसा होतो, तसा तो राग. आणि मग कितीतरी वेळाने षड्ज लागला, तेव्हा माझी सून, भाजी निवडून झालेली असतानाही, तिथेच बसलेली होती.

त्या दिवशी मारवा पंचेचाळीस मिनिटं होता आणि त्याआधीचं बोलणं दहा. तुमच्या नव्या हिशेबात ती दहा मिनिटं ‘वाया’ जातात. माझ्या हिशेबात पुढची पंचेचाळीस त्या दहांनी विकत घेतली.

अर्धा तासच हातात असेल तर दहा मिनिटं माणूस बोलवा आणि वीस मिनिटं एकच राग लावा. पण तो तोडू नका. ‘अखंड संगीत’ या नावाखाली पाच रागांचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे लावायचा तुमचा विचार आहे असं कानावर आलं आहे. त्याला आमच्याकडे मिसळ म्हणतात, आणि ती सकाळी खातात.

तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत राग उरकावा लागायचा, ती त्या काळच्या यंत्राची मजबुरी होती. रेडिओने गवयाला तास दिला, दीड तास दिला. १९५२ च्या जुलैमध्ये आकाशवाणीचा शास्त्रीय संगीताचा नॅशनल प्रोग्राम सुरू झाला आणि शनिवारची रात्र ही देशभरातल्या गाण्याची रात्र झाली. आपल्या सभेचा वारही शनिवारच आहे, तो मंडळाच्या जुन्या लोकांनी उगाच निवडला नव्हता.

त्याच वर्षी केसकर नभोवाणी मंत्री झाले. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, जन्म पुण्याचा, गाण्याची जाण असलेला माणूस. त्यांना वाटलं, लोकांना चांगलं तेवढंच ऐकवावं. सिनेमाची गाणी रेडिओवरून जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केलं? सुई फिरवली आणि सिनेमाची गाणी लावणारं रेडिओ सिलोन लावलं. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये विविध भारती सुरू करून ती गाणी परत आणावी लागली. हे मी अशासाठी सांगते की, मी लादा म्हणत नाही. तुमचा सोमवारचा भावगीतांचा कार्यक्रम, तो शेतकऱ्यांचा फोन-इन, ते मुलींचं कबड्डीचं समालोचन (ते तर मी न चुकता ऐकते), सगळं असू दे. आठवड्यातली एक संध्याकाळ मागते आहे, तीही होती तीच. आणि केसकरांची चूक शास्त्रीय संगीत लावण्यात नव्हती, लोकांना ओळख करून न देता त्यांच्यासमोर आणून बसवण्यात होती, असं मला वाटतं. हे माझं मत. चुकीचं असेल तर कुणी दहा मिनिटांचं भाषण लिहून आणावं.

वेळेचंही बोलून घेते. सूचनेत नवा कार्यक्रम ‘सोयीनुसार दुपारी अथवा रात्री’ असं लिहिलं आहे. गाण्याच्या बाबतीत असा ‘अथवा’ चालत नाही. रागांच्या वेळा ठरलेल्या असतात, मारवा दिवेलागणीचा. दुपारी दीडला मारवा लावून काय करणार? हिवाळ्यात आपल्याकडे सहाला अंधारतं, जून-जुलैत सव्वासातपर्यंत उजेड असतो. पूर्वी संगीत मंडळाचे चिटणीस त्याप्रमाणे राग पुढेमागे करायचे : उन्हाळ्यात आधी पूरिया, श्री किंवा मारवा, आणि थंडीत थेट यमन, हमीर, केदार. आणि रात्रीच्या रागांना तर आता रेडिओशिवाय वालीच नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे रात्री दहानंतर उघड्यावर कर्णा लावता येत नाही. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा, तोही आता आटोपता झाला. नियम योग्यच आहे, आमच्या गल्लीतल्या लग्नांसाठी तर फारच योग्य आहे. पण दरबारी आणि मालकंस मध्यरात्री ऐकायचे कुठे? घरातल्या घरात, हळू आवाजात, रेडिओवर. महिन्यातून एक शनिवार रात्री साडेदहाला एक दरबारी लावा. वीजबिलाची चिंता असेल तर वर्गणी काढू.

एक तांत्रिक तक्रारही आहे. एका शनिवारी आलापात गवई थांबले. कॅसेट जुनी, तानपुरा मागे, त्यामुळे चार-पाच सेकंद जवळजवळ काहीच ऐकू आलं नाही. आणि तेवढ्यात तुमच्या यंत्राने खताची जाहिरात सुरू केली! नंतर कळलं की प्रसारणात शांतता आली की केंद्र बंद पडलं असं समजून ते सॉफ्टवेअर आपणहून काहीतरी लावतं. हेडफोनवाल्या मुलाने मला ते समजावून सांगितलं, ‘डेड एअर’ म्हणतात म्हणाला. अरे, ती मेलेली हवा नव्हती. गवई श्वास घेत होता. शनिवारपुरतं ते बटण बंद ठेवता येतं, असंही तूच म्हणालास, मग ठेव.

निवेदनाबद्दल तुमची खरी अडचण मला कळते. नाव सांगा म्हणते मी, पण तुम्हाला ती माहीतच नाहीत. कॅसेटची कव्हरं गेली, चिटणीस गेले. ‘एका जुन्या सभेतील ध्वनिमुद्रण’ असं म्हणून तुम्ही वेळ मारून नेता, त्यात तुमचा खोटेपणा नाही, नाइलाज आहे. त्यावर उपाय आहे आणि तो आमच्या माळ्यावर आहे.

अण्णा रोजनिशी लिहायचे. गाण्याबद्दल मतं वगैरे काही नाहीत, ते घड्याळजी होते. तारीख, गाव, गायक, राग, ताल, पेटीवर कोण, तानपुऱ्यावर कोण, मानधन, एसटीचं भाडं. कधी कधी एखादा शब्द : ‘पाऊस’, ‘माइक बिघडला’, ‘दायां उतरला’ (म्हणजे उजव्या तबल्याचा सूर). संगीत मंडळाच्या सगळ्या सभा त्यात नाहीत, पण अण्णांनी साथ केलेल्या आहेत आणि त्या पुष्कळ आहेत. मी फायली ऐकते, तुम्ही रोजनिशी समोर धरा. राग आणि गायक जुळला की तारीख सापडेल, तारीख सापडली की बाकीची नावं सापडतील. तानपुऱ्यावर बसणाऱ्यांपैकी एक बाई अजून मारुतीच्या देवळामागे राहतात. वय झालं आहे, पण स्मरण पक्कं आहे. त्यांना आणायला रिक्षा पाठवावी लागेल आणि दुपारी दोन ते चार त्या झोपतात, तेवढं सांभाळा. त्यांना बोलतं केलंत तर तुमच्या पुढच्या चार शनिवारांची व्याख्यानं तिथेच मिळतील.

मंगळवारी अकरा वाजता मी केंद्रावर येते. रोजनिशीच्या सात वह्या आहेत, एका वेळी एकच आणीन. ती तुमच्याकडे ठेवून जाणार नाही, तिथल्या तिथे उतरवून घ्या. पावसाळा तोंडावर आहे आणि तुमच्या कपाटावर माझा विश्वास नाही.

कळावे,
शनिवारची एक श्रोती

ता. क. : ‘पुरुष गायन नवे’ ही फाइल नवी नाही. तिच्यातला तबला अण्णांचा आहे.